बिस्मार्कचें आत्मवृत्त

राज्यकारभारांत उभा जन्म घालविलेल्या पुरुषानें उतारवयांत लेखणी हातीं धरली, म्हणजे वाचकवर्ग मोठ्या उत्कंठेनें तिच्याकडे पाहूं लागतो. पडद्यामागें राहून ज्यानें सूत्रें हालविलीं, तोच आतां पडदा वर करणार अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा बहुधा पुरी होत नाहीं. बोलणें हा जसा मुत्सद्द्याचा धंदा, तसेंच न बोलणें हाहि त्याचा धंदाच आहे. आणि तीसचाळीस वर्षें अंगांत मुरलेली ही संवय निवृत्तीच्या दिवशीं दरबारी पोशाखाबरोबर खुंटीला टांगून ठेवतां येत नाहीं. म्हणून असलीं आत्मवृत्तें वाचतांना ग्रंथकार काय सांगतो याच्या आधीं, तें तो कोणाला व कां सांगत आहे, हें पाहावें लागतें. प्रस्तुत लेखांत अशाच एका ग्रंथाचा विचार करावयाचा आहे. तो ग्रंथ म्हणजे जर्मन साम्राज्याचा पहिला चॅन्सेलर प्रिन्स ऑटो फोन बिस्मार्क याचें ‘विचार आणि आठवणी’ या नांवाचें आत्मवृत्त.

बिस्मार्कच्या कारकीर्दीचा नुसता विस्तार पाहिला तरी मन थक्क होतें. १८१५ सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस त्याचा जन्म झाला. १८५१ मध्यें प्रशियाचा वकील म्हणून तो फ्रांकफुर्ट येथील जर्मन संघसभेंत गेला आणि तेथें आठ वर्षें राहिला. पुढें तीन वर्षें सेंट पीटर्सबर्ग येथें झारच्या दरबारीं आणि कांहीं महिने पॅरिस येथें तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारीं त्यानें वकिलात केली. १८६२ च्या सप्टेंबरांत तो प्रशियाचा मुख्य मंत्री झाला, आणि १८७१ पासून नव्या जर्मन साम्राज्याचा चॅन्सेलर. मधल्या काळांत डेन्मार्कशीं १८६४ मध्यें, ऑस्ट्रियाशीं १८६६ मध्यें व फ्रान्सशीं १८७० मध्यें अशीं तीन युद्धें झालीं, आणि विस्कळित जर्मन संस्थानांचें एक बलाढ्य राष्ट्र बनलें. १८९० च्या मार्चमध्यें तो अधिकारावरून दूर झाला, तेव्हां त्याच्या वयास पंचाहत्तर वर्षें पुरीं होण्यास अवघे कांहीं दिवस उरले होते.

दूर झाला असें वर म्हटलें. वस्तुतः त्यास दूर करण्यांत आलें. १८८८ च्या मार्चमध्यें वृद्ध बादशहा पहिला विल्यम मरण पावला. त्याचा मुलगा फ्रेडरिक घशाच्या कर्करोगानें आधींच जर्जर झाला होता. तो नव्व्याण्णव दिवस राज्य करून निवर्तला, आणि एकोणतीस वर्षांचा दुसरा विल्यम गादीवर आला. आजोबांच्या मंत्र्याच्या छायेंत राहण्याची या तरुणाची तयारी नव्हती. १८ मार्च १८९० रोजीं बिस्मार्कनें राजीनामा लिहिला आणि तो दोन दिवसांत मंजूरहि झाला. तें राजीनाम्याचें पत्र प्रसिद्ध होऊं देण्यांत आलें नाहीं. बिस्मार्कच्या मृत्यूनंतरच तें लोकांच्या दृष्टीस पडलें. हांबुर्गजवळ फ्रीड्रिक्सरूह येथील रानांतल्या आपल्या घरीं वृद्ध चॅन्सेलर जाऊन राहिला, आणि त्याच वर्षीं कोटा या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेशीं त्यानें आत्मवृत्ताचा करार केला. ग्रंथ पुत्रपौत्रांस उद्देशून अर्पण केलेला आहे. त्यांस भूतकाळ कळावा व भविष्यकाळासाठीं बोध मिळावा, असा अर्पणपत्रिकेचा भाव आहे. परंतु तो हातीं घेणारानें हें विसरूं नये कीं, याचा उगम निवांत स्मरणांत नसून ताज्या अपमानांत आहे.

आठवणी लिहून घेण्याचें काम लोथार बूखर या गृहस्थाकडे होतें. या बूखरचें चरित्र एखाद्या कादंबरीस शोभेल असें आहे. १८४८ च्या क्रांतींत तो लोकपक्षाचा पुढारी होता. त्याबद्दल शिक्षा झाली तेव्हां तो लंडनला पळाला व सुमारें दहा वर्षें तेथें राहिला. माफी जाहीर झाल्यावर तो परत आला, आणि १८६४ मध्यें क्रांतीचा कट्टा वैरी जो बिस्मार्क त्याच्याच परराष्ट्रखात्यांत नोकरीस लागून त्याचा अत्यंत विश्वासू मनुष्य झाला. समकालीनांनीं त्या खोलीचें जें वर्णन केलें आहे तें मोठें मनोवेधक आहे. बूखर कोरा कागद पुढें घेऊन, पेन्सिल तासून बसला आहे. चॅन्सेलर आरामांत वर्तमानपत्र वाचीत आहे. कोणीहि बोलत नाहीं. मग एकाएकीं आठवणींचा लोंढा सुरू व्हावयाचा. त्यांत कालक्रम नसे, कागदपत्रांचा आधार नसे, आणि तोच प्रसंग आज एका रीतीनें व उद्यां दुसऱ्या रीतीनें सांगितला जाई. बिस्मार्कचा दुसरा सहकारी मोरित्स बुश याच्यापाशीं बूखरनें आपलें दुःख उघड केलें आहे. चॅन्सेलरची स्मृति तर दगा देतेच, पण जेथें सत्य उघड दिसतें तेथेंहि तो बुद्धिपुरःसर तें वांकवितो. आणि जी गोष्ट फसली तिच्यांत आपला हात होता हें कबूल करीत नाहीं, अशी त्याची तक्रार होती. १८९२ च्या ऑक्टोबरांत बूखर वारला, आणि ग्रंथ खऱ्या अर्थानें पुरा होण्याचें राहून गेलें.

३० जुलै १८९८ रोजीं बिस्मार्कचा अंत झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रंथाचे पहिले दोन खंड बाहेर पडले. जर्मनीत त्यांस अपूर्व ग्राहक मिळाले. इंग्रजी भाषांतरहि लागलेंच निघालें. तिसरा खंड, ज्यांत तरुण बादशहाचें व्यक्तिचित्र व बडतर्फीची हकीकत आहे, तो मात्र बाजूस ठेवण्यांत आला होता. पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा पराभव होऊन १८ सालच्या नोव्हेंबरांत बादशहा पदच्युत झाला, त्यानंतर १९२१ मध्यें तो जर्मन वाचकांच्या हातीं पडला. ज्याच्याविरुद्ध तो लिहिला होता त्याचें राज्य बुडाल्यावर त्याची साक्ष निघाली.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, हा ग्रंथ केवळ एका रुष्ट वृद्धाची कैफियत असावा. तसें मुळींच नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील राजकारणी पुरुषांच्या आत्मवृत्तांत इतका वाचनीय ग्रंथ क्वचितच सांपडेल. माझें जर्मन भाषेचें ज्ञान बेताचें आहे. मीं तो प्रथम इंग्रजींतून वाचला आणि पुढें मुळाशीं अडखळत ताडून पाहिला. तरीहि त्याची चव गेली नाहीं. आरंभच पाहा. राजसत्तेचा हा महान पुरस्कर्ता पहिल्याच परिच्छेदांत सांगतो कीं, १८३२ मध्यें आपण शाळा सोडली ती सरकारी शिक्षणाचें एक ठराविक फळ होऊन. म्हणजे धर्मानें सर्वेश्वरवादी, आणि अगदीं प्रजासत्ताकवादी नसलों तरी प्रजासत्ताक हीच सर्वांत समंजस राज्यपद्धति अशी समजूत बाळगून! असा आरंभ करणाऱ्या लेखकाचा हात धरून पुढें जावेंसें वाटतें.

प्रसंग उभा करण्याची त्याची हातोटी तर विलक्षण आहे. १८६२ च्या सप्टेंबरांत लष्कराच्या खर्चावरून राजा व प्रतिनिधिसभा यांच्यांत विकोपाचें भांडण होतें. बाबेल्सबर्गच्या बागेंत राजानें त्यास राज्यत्यागाचा मसुदा दाखविला, आणि बिस्मार्कनें बहुमताविरुद्धहि राज्य चालविण्याचें कबूल केल्यावर तो मसुदा बाजूस सारला. तें झाल्यावर थोड्याच दिवसांनीं बिस्मार्कनें सभेच्या समितींत ‘रक्त आणि लोखंड’ यांविषयींचें तें कुप्रसिद्ध भाषण केलें. राजा त्या वेळीं राणीच्या वाढदिवसासाठीं बाडेन येथें गेला होता. तेथून तो कच खाऊन परतणार हें ओळखून बिस्मार्क वाटेंतच, यूटरबोग नांवाच्या अर्धवट बांधलेल्या स्टेशनांत, अंधारांत एका पालथ्या हातगाडीवर त्याची वाट पाहत बसला. राजा साध्या गाडीच्या डब्यांत एकटाच होता. आपल्या वाड्यासमोरच्या चौकांत आधीं तुझें आणि मग माझें डोकें उडविलें जाईल, असें तो खिन्नपणें म्हणाला. बिस्मार्कनें त्याचें समाधान केलें नाहीं. मरण तर आहेच, मग तें राजाला शोभेल अशा रीतीनें कां येऊं नये, असें म्हणून त्यानें राजाच्या अंगांतला सैनिक जागा केला. बर्लिन येईपर्यंत राजा ताठ बसलेला होता. मनुष्यस्वभावाचें ज्ञान हें मुत्सद्द्याचें मुख्य भांडवल. तें येथें कोणत्याहि व्याख्यानापेक्षां स्पष्ट दिसतें.

याहूनहि मोलाचें प्रकरण निकोल्सबुर्गचें. ३ जुलै १८६६ रोजीं क्योनिगग्रेट्स येथें ऑस्ट्रियाचा पूर्ण पराभव झाला. विजयाच्या धुंदींत राजास व सेनापतींस व्हिएन्नांत वाजतगाजत शिरावयाचें होतें व शत्रूचा मुलूखहि तोडावयाचा होता. बिस्मार्कचें म्हणणें उलट. ऑस्ट्रिया आज शत्रु असला तरी उद्यां त्याची मैत्री लागेल. म्हणून त्याच्या अंतःकरणांत न भरणारी जखम करूं नये. ग्रंथांत तो लिहितो कीं, सर्व लष्करी मंडळ आपल्याविरुद्ध गेलेलें पाहून आपण शेजारच्या खोलींत गेलों व तेथें आपणांस रडें कोसळलें. आणि पुढें राजानें ऐकलेंच नाहीं तेव्हां वरच्या मजल्याच्या खिडकींतून उडी टाकावी असाहि विचार मनांत येऊन गेला. तेवढ्यांत युवराजानें येऊन खांद्यावर हात ठेवला व मध्यस्थी पत्करली. हा युवराज एरव्हीं त्याचा विरोधक होता. राजानें मोठ्या नाखुषीनें संमति दिली, आणि २६ जुलै रोजीं तहाच्या प्राथमिक अटी ठरल्या. ऑस्ट्रियाचा मुलूख प्रशियानें घेतला नाहीं. तेरा वर्षांनीं, १८७९ मध्यें, तोच ऑस्ट्रिया जर्मनीचा दोस्त झाला. वर्णनांत अश्रूंचा व खिडकीचा रंग कांहीं भडक असेल. परंतु त्यांतील निर्णयाचें शहाणपण कागदोपत्रीं सिद्ध आहे.

आतां ज्या प्रकरणानें हा ग्रंथ जगभर गाजला, त्याकडे वळूं. १८७० च्या उन्हाळ्यांत स्पेनच्या रिकाम्या गादीवर प्रशियाच्या राजघराण्याशीं संबंधित अशा होएनत्सोलर्न शाखेंतील प्रिन्स लिओपोल्ड यास बसविण्याची वाटाघाट फुटली, आणि फ्रान्स खवळला. लिओपोल्डचें नांव मागें घेण्यांत आलें. परंतु तेवढ्यानें फ्रेंच सरकारचें समाधान झालें नाहीं. १३ जुलै रोजीं एम्स येथें फ्रेंच वकील बेनेडेट्टी यानें राजाला रस्त्यांत गांठून, पुन्हा असें कधीं होऊं देणार नाहीं अशी हमी मागितली. राजानें ती नाकारली व घडलेलें बर्लिनला तारेनें कळविलें. त्या संध्याकाळीं बिस्मार्ककडे सेनापति मोल्टके व युद्धमंत्री रोन जेवावयास होते. तार ऐकून दोघांची अन्नावरची वासनाच उडाली, असें बिस्मार्क सांगतो. मग त्यानें पेन्सिल घेतली. एक शब्दहि न वाढवितां, केवळ गाळून, ती तार अशी छाटली कीं, राजानें वकिलाला दाराबाहेर काढलें असें फ्रान्सला वाटावें. तें ऐकतांच पाहुण्यांचे चेहरे उजळले, भूक परत आली, आणि युद्ध निश्चित झालें. १९ जुलैला फ्रान्सनें युद्ध पुकारलें.

हा प्रसंग मी पुष्कळ वर्षें वर्गांत शिकवीत आलों, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण मोठ्या रसानें शिकवीत आलों. तासाच्या शेवटीं मुलें खूष असत. एका वर्षीं मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें शांतपणें विचारलें कीं, त्या मेजाभोंवतीं तिघेच होते, तर त्यांचीं तोंडें उतरलीं व पुन्हा फुललीं हें आपणांस सांगितलें कोणी? मीं उत्तर दिलें, बिस्मार्कनें. ती म्हणाली, आणि बाकीच्या दोघांनीं? तास संपला होता म्हणून माझी सुटका झाली. पण घरीं येऊन मीं तारखा काढून पाहिल्या. रोन १८७९ मध्यें वारला, मोल्टके १८९१ मध्यें, आणि ग्रंथ बाहेर आला तेव्हां स्वतः बिस्मार्कलाहि जाऊन कांहीं महिने झाले होते. साक्षीदारांपैकीं उलटतपासणीस एकहि हजर नव्हता.

तारेचें मूळ रूप १८९२ मध्यें नव्या चॅन्सेलरनें जर्मन पार्लमेंटांत उघड केलें. छाटलेलें रूप तर त्याच रात्रीं वर्तमानपत्रांत आलें होतें. दोन्ही शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे छाटणी झाली व तिनें मजकुराची धार वाढविली, हें निर्विवाद ठरतें. परंतु सर्व कांहीं त्या एका पेन्सिलीवर अवलंबून होतें, ही मांडणी मात्र तपासास टिकत नाहीं. अमेरिकन इतिहासकार विल्यम लँगर यांनीं या प्रसंगाची छाननी करणाऱ्या आपल्या निबंधांत बिस्मार्कला नाटककार म्हटलें आहे, तें यथार्थ आहे. दोन्ही राजधान्यांत वातावरण आधींच पेटलेलें होतें. ठिणगीचें श्रेय घेतांना वृद्ध चॅन्सेलरनें दारूगोळ्याचा उल्लेख आटोपता घेतला.

आणि दारूगोळा कोणी रचला? येथें ग्रंथाचें खरें मर्म आहे. स्पेनच्या गादीचा प्रश्न हा राजघराण्याचा खाजगी मामला होता, परराष्ट्रखात्याशीं त्याचा संबंध नव्हता व आपणांस त्याविषयीं विशेष आस्था नव्हती, असा बिस्मार्कचा ग्रंथांतील सूर आहे. यासंबंधींचे सरकारी कागद जर्मन परराष्ट्रखात्यानें कडेकोट बंदोबस्तांत ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तें दप्तर दोस्तांच्या हातीं लागलें, आणि १९५७ मध्यें झॉर्झ बोनँ यांनीं संपादिलेला त्यांतील कागदांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यावरून स्पष्ट दिसतें कीं, कचरणाऱ्या राजघराण्याची समजूत घालणें, नकार आल्यावर पुन्हा बोलणें सुरू करणें, गुप्तपणें माणसें माद्रिदला धाडणें, या सर्वांत बिस्मार्कचा हात होता. १८७० मध्यें असा गुप्त दूत म्हणून स्पेनला कोण गेला होता? लोथार बूखर! म्हणजे आपला या प्रकरणाशीं संबंध नव्हता हें चॅन्सेलर ज्याला सांगून लिहवीत होता, तोच मनुष्य वीस वर्षांपूर्वीं त्याचा निरोप घेऊन माद्रिदला गेलेला होता. त्या खोलींतील शांततेचा अर्थ आतां कांहीं निराळाच वाटूं लागतो.

वाचकांच्या मनांत येथें एक शंका सहज येईल. तार छाटून आपण युद्ध घडविलें असें जो फुशारकीनें सांगतो, तो गादीच्या कारस्थानाची गोष्ट कां लपवितो? दोन्ही कृत्यें एकाच माळेचीं नव्हेत काय? मला याचें उत्तर असें दिसतें. संध्याकाळच्या जेवणाच्या मेजावर अपमानित राष्ट्राची लाज एका पेन्सिलीनें राखणारा मंत्री लोकांस आवडतो. महिनोन्‌महिने स्वतःच्या राजास अर्धवट अंधारांत ठेवून डाव रचणारा मंत्री लोकांस आवडत नाहीं. निदान राजनिष्ठेची थोरवी गाणाऱ्या ग्रंथांत तो शोभत नाहीं. बिस्मार्कनें वाईट तें लपविलें व चांगलें तें सांगितलें, असा हा प्रकार नाहीं. जें दंतकथा होऊं शकेल तें त्यानें सांगितलें, आणि जें केवळ दप्तरांत राहण्याजोगें होतें तें गाळलें. एम्सच्या तारेवर चालविलेली पेन्सिल त्यानें स्वतःच्या आयुष्यावरहि चालविली. न वाढवितां केवळ गाळल्यानेंहि मजकुराचा अर्थ कसा पालटतो, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

अशीं गाळलेलीं स्थळें आणखीहि आहेत. १८७० च्या नोव्हेंबरांत बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजानें प्रशियाच्या राजास बादशाही पद अर्पण करणारें पत्र पाठविलें. त्या पत्राचा मसुदा आपणच लिहून दिला हें बिस्मार्क सांगतो. परंतु बांधकामांच्या वेडानें कर्जांत बुडालेल्या त्या राजास हॅनोव्हरच्या जप्त संपत्तींतून पुढें वर्षानुवर्षें गुप्त रकमा जात होत्या, त्याविषयीं अक्षर नाहीं. ब्लाइख्रोडर या यहुदी पेढीवाल्यानें तीस वर्षें त्याची खाजगी व सरकारी द्रव्यव्यवस्था पाहिली; त्या दोघांच्या पत्रव्यवहारावर फ्रित्स स्टर्न यांनीं १९७७ मध्यें एक मोठा ग्रंथ लिहिला; पण आत्मवृत्तांत त्या पेढीवाल्याचा उल्लेख ओझरता. १८८३, १८८४ व १८८९ या वर्षांचे आजारपण, अपघात व वार्धक्य यांसंबंधींचे मजूरविम्याचे कायदे, ज्यांसाठीं आजचे विद्यार्थी त्याचें नांव आदरानें घेतात, त्यांविषयींहि जवळजवळ मौन आहे. मोठा मुत्सद्दी आपली कीर्ति कशावर राहील याचाहि अंदाज चुकतो, हें त्यावरून कळतें.

असल्या ग्रंथाचें मग करावें काय? केवळ असत्य आढळलें म्हणून तो फेंकून देणें हा उतावळेपणा होईल. आपल्याकडील एक उदाहरण येथें आठवतें. नाना फडणविसांनीं आपलें आत्मवृत्त लिहिलें आहे. त्यांत बालपण, मनाच्या दुर्बलतेची कबुली, पानिपताचा प्रलय व तेथून झालेली सुटका यांची हकीकत अत्यंत प्रांजळपणें येते. आणि पुढील ज्या कारभारानें त्यांचें नांव इतिहासांत राहिलें, त्याच्या आधींच तें थांबतें. कारभारी नानांस ओळखण्यासाठीं पत्रव्यवहार व दप्तरें यांकडेच जावें लागतें. नाना थांबले, बिस्मार्क थांबला नाहीं, एवढाच काय तो भेद. बोलणाऱ्या मुत्सद्द्यालाहि दप्तराच्या कसोटीवर घासूनच घेतलें पाहिजे. जर्मन पंडितांनीं हें काम केलें आहे. १९३२ मध्यें गेऱ्हार्ड रिटर व रुडोल्फ स्टाडेलमान यांनीं या आत्मवृत्ताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, ती त्या दृष्टीनें आदर्श मानली जाते.

परंतु विद्वानांनीं चिकित्सा करण्यापूर्वींच राष्ट्रानें ग्रंथ वाचला होता, आणि यांतच माझ्या मतें या विषयाचें गांभीर्य आहे. बिस्मार्कच्या मृत्यूनंतर जर्मन लोकांनीं त्याच्या स्मरणार्थ दोनशेंहून अधिक मनोरे बांधले. घरोघरच्या कपाटांत हा ग्रंथ जाऊन बसला. त्यांतून लोकांनीं काय घेतलें? एम्सची तार घेतली, लोखंड व रक्त घेतलें, पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यानें युरोप हालविणारा पुरुष घेतला. ज्या भागांत सत्य कमी तोच भाग मनांत ठसला. उलट निकोल्सबुर्गचा धडा, म्हणजे जिंकल्यावर हात आवरावा, पराभूतास उद्यांचा मित्र होतां येईल एवढी जागा ठेवावी, हा कोणी घेतला नाहीं. रशियाशीं संबंध तुटूं देऊं नयेत, शत्रूंची जूट होऊं देऊं नये, हा ग्रंथांतील आग्रहहि वाऱ्यावर गेला. १८८७ मध्यें रशियाशीं केलेला गुप्त करार त्याच्या बडतर्फीनंतर लगेच, १८९० मध्यें, मोडूं देण्यांत आला होता. चार वर्षांच्या आंत रशिया व फ्रान्स एकत्र आले. १९१८ च्या मार्चमध्यें ब्रेस्ट-लिटोव्हस्क येथें पराभूत रशियावर जो तह जर्मन सेनापतींनीं लादला तो निकोल्सबुर्गच्या अगदीं उलट टोंकाचा होता. आणि आठ महिन्यांनीं त्यांचेंच साम्राज्य कोसळलें.

याचा सारा दोष वाचकांवर टाकतां येणार नाहीं. ग्रंथकारानें स्वतःच आपल्या नाट्याला उजेडांत ठेवलें व आपल्या संयमाला सांवलींत. शिवाय निकोल्सबुर्गचा धडा त्यालाहि १८७१ मध्यें पाळतां आला नाहीं. अल्सास व लोरेनचा भाग तोडून आणि पांच अब्ज फ्रँकांची खंडणी घेऊन फ्रान्सच्या अंतःकरणांत त्यानें तीच जखम केली, जी ऑस्ट्रियाला होऊं नये म्हणून तो पांच वर्षांपूर्वीं रडला होता. त्या निर्णयाचें मनमोकळें परीक्षण त्यानें केलें असतें, तर पुत्रपौत्रांस खराखुरा बोध मिळाला असता. ज्या अनुभवांत आपण चुकलों तोच अनुभव पुढच्या पिढीला सर्वांत उपयोगी असतो, आणि मुत्सद्द्याची लेखणी नेमकी तेथेंच अडते.

ग्रंथांतील एक लहानशी गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. सेंट पीटर्सबर्ग येथें वकील असतांना ऐकलेली ही हकीकत बिस्मार्कनें मोठ्या कौतुकानें दिली आहे. राजवाड्याजवळच्या बागेंत हिरवळीच्या मधोमध एक पहारेकरी उभा असलेला झारच्या दृष्टीस पडला. कां उभा आहेस, असें विचारतां, हुकूम आहे, एवढेंच तो म्हणाला. चौकींत चौकशी केली. तेथेंहि उन्हाळा असो कीं हिंवाळा असो, त्या जागीं पहारा असतोच, यापलीकडे कोणास कांहीं माहीत नव्हतें. शेवटीं एका वृद्ध चाकरानें बापाच्या तोंडून ऐकलेलें सांगितलें. फार वर्षांपूर्वीं राणी कॅथराइन हिला त्या ठिकाणीं, बर्फ वितळण्याच्या आधींच उमललेलें एक पांढरें फूल दिसलें, आणि तें कोणी तोडूं नये म्हणून तिनें पहारा ठेवविला. फूल त्याच ऋतूंत सुकलें. हुकूम मागें घेण्याचें राहिलें.

बिस्मार्कला या गोष्टींत रशियन स्वभावाची अढळ निष्ठा दिसली. मला ती वाचतांना ते दोनशें मनोरे दिसतात. विद्यार्थ्यांस हा ग्रंथ मी अजूनहि वाचावयास सांगतों, आणि एम्सचा प्रसंगहि पूर्वींच्याच रसानें शिकवितों. मात्र तास संपण्यापूर्वीं पांच मिनिटें राखून त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आतां मीच विचारतों.